साबण, सोडा आणि आम्ल: घरातील स्वच्छतेविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साबण, धुण्याची पावडर, फिनेल, टूथपेस्ट अशा रोजच्या वस्तूंमागील रसायनशास्त्राविषयी वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांतील निवडक प्रश्न येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल, आणि एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असल्यास त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. बहुतेक उत्तरे शेवटी दोनच गोष्टींपाशी येतात: आपल्या बादलीत पाणी कोणते आहे, आणि हातातील वस्तू आम्लधर्मी आहे की अल्कधर्मी. ही मोजणी ‘सामू’ (पीएच) या संख्येने करतात. ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल आणि त्यावर अल्क. वास, रंग आणि फेस यांवरून वस्तूची पारख करण्याची सवय आपल्याकडे फार खोलवर रुजलेली आहे, आणि माझ्या मते घरातील बरेचसे नुकसान तिच्यामुळेच होते.

१. साबणाने मळ नेमका निघतो कसा? नुसत्या पाण्याने तो का निघत नाही?

अंगावरचा किंवा कपड्यावरचा मळ बहुतांशी तेलकट थरात अडकलेला असतो आणि पाणी तेलात मिसळत नाही. साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढले जाते, तर त्याची लांब शेपटी तेलात शिरते. असे असंख्य रेणू तेलाच्या थेंबाभोवती शेपट्या आत आणि डोकी बाहेर अशी रचना करतात, तो थेंब पृष्ठभागापासून सुटतो आणि पाण्याबरोबर वाहून जातो. तेल किंवा चरबी यांची कॉस्टिक सोड्याशी प्रक्रिया केली की साबण आणि ग्लिसरीन तयार होते. या प्रक्रियेला साबणीकरण म्हणतात. पूर्वी ताटा-वाट्या राखेने घासत, त्यामागेही हेच शास्त्र आहे. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट हा अल्क असतो, तो खरकट्यावरच्या तेलातुपाशी मिळून थोडासा साबण जागच्या जागी तयार करतो आणि राखेचे कण घासण्याचे काम करतात.

२. साबणाच्या वेष्टनावर ‘टीएफएम ७६ टक्के’ असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ काय?

टीएफएम म्हणजे वडीतील एकूण मेदद्रव्याचे प्रमाण, म्हणजेच त्या वडीत खरा साबण किती आणि भर किती याचा अंदाज. भारतीय मानकानुसार ‘टॉयलेट सोप’च्या पहिल्या श्रेणीत ते किमान ७६ टक्के, दुसरीत ७० आणि तिसरीत ६० टक्के असावे लागते. वेष्टनावर ‘बेदिंग बार’ असे लिहिले असेल तर मानक वेगळे असून तेथे ४० टक्केही चालतात. ही दोन नावे बारीक अक्षरांत असतात, म्हणून ती शोधून वाचावीत. मात्र एक अपवाद आहे: त्वचारोगतज्ज्ञ कोरड्या त्वचेसाठी सुचवतात त्या काही वड्या साबणाच्या नसतातच, त्या सौम्य कृत्रिम प्रक्षालकांपासून (डिटर्जंटपासून) बनवलेल्या असतात, त्यामुळे त्यांना टीएफएमची फूटपट्टी लावता येत नाही. खऱ्या साबणाचा सामू ९ ते १० च्या आसपास असतो, तर निरोगी त्वचेचा साधारण ५. साबणाने तोंड धुतल्यावर त्वचा ओढल्यासारखी वाटते, त्याचे हे एक महत्त्वाचे कारण आहे.

३. गावी बोअरच्या पाण्यात साबणाला फेसच येत नाही, उलट बादलीवर पांढरट चिकट थर बसतो. साबण बनावट आहे का?

साबणाचा दोष नाही, पाण्याचा आहे. शाळेच्या पुस्तकात अशा पाण्याला ‘दुष्फेन’ म्हटलेले असे आणि तो शब्द अगदी नेमका आहे: ज्यात फेस नीट होत नाही ते. जमिनीखालच्या खडकांतून झिरपताना पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळतात. साबण पाण्यात पडला की या क्षारांतील कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे विद्युतभारित कण (आयन) त्याच्या रेणूंना धरतात आणि न विरघळणारा साका तयार होतो. बादलीच्या काठावर, नळाच्या तोंडाशी आणि न्हाऊन झाल्यावर केसांवर जाणवणारा चिकटपणा तो हाच. पाण्यातील सगळे कॅल्शियम असे खर्ची पडेपर्यंत साबणाचे खरे काम सुरूच होत नाही, म्हणून अशा गावांत वडी झपाट्याने संपते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात दुष्फेनतेची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत मुभा आहे.

कोकणात पागोळ्यांखाली धरलेल्या पावसाच्या पाण्यात तोच साबण लावून पाहावा. फेस इतका येतो की अंगावरून धुऊन काढताना पाणी पुरत नाही, कारण त्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात. दुष्फेन पाणी उकळल्यास त्यातील बायकार्बोनेटमुळे आलेला भाग खाली बसतो. गिझरच्या कॉइलवर आणि पाणी तापवायच्या पातेल्यात जमणारे पांढरे पापुद्रे म्हणजे तोच. उरलेल्या दुष्फेनतेसाठी धुण्याचा सोडा उपयोगी पडतो, तो प्रश्न ५ मध्ये पाहावा. केसांसाठी शेवटच्या तांब्यात अर्ध्या लिंबाचा रस पिळून ते पाणी केसांवरून घेतल्यास हा साका सुटतो. डोळे मात्र मिटलेले ठेवावेत.

४. त्याच पाण्यात कपड्यांच्या पावडरीला फेस कसा येतो? आणि फेस जास्त म्हणजे कपडे जास्त स्वच्छ, हे खरे का?

पावडरीत साबण नसून कृत्रिम प्रक्षालक असतो. त्याचे कॅल्शियमशी बनणारे संयुग साबणाच्या साक्याइतके अविद्राव्य नसते, आणि शिवाय पाण्यातील कॅल्शियम बांधून ठेवणारी द्रव्येही पावडरीत घातलेली असतात. १९५९ मध्ये सर्फ आणि १९६९ पासून निरमा बाजारात आल्यावर घरोघरी कपड्यांच्या साबणाची वडी मागे पडत गेली, त्यात बोअरच्या पाण्यातही चालणाऱ्या या गुणाचा वाटा मोठा आहे.

फेसाविषयी स्पष्ट सांगायचे तर तो हवेचे बुडबुडे आहे, मळ काढण्याचे काम तो करत नाही. पुढून उघडणाऱ्या यंत्रात कपडे वरून आपटून स्वच्छ होतात. तेथे फेस जास्त झाला तर ते उशीवर पडल्यासारखे पडतात आणि मळ तसाच राहतो. म्हणून अशा यंत्रांची पावडर मुद्दाम कमी फेसाची बनवलेली असते.

५. धुण्याचा सोडा आणि खाण्याचा सोडा एकच का? एकाऐवजी दुसरा वापरला तर?

दोन्ही सोडियमचीच संयुगे आहेत, पण एकाऐवजी दुसरे वापरू नये. खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. त्याच्या द्रावणाचा सामू ८ च्या थोडा वर असतो. धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट. त्याच्या द्रावणाचा सामू ११ च्या आसपास जातो. तो हाताची त्वचा कोरडी करतो, डोळ्यांना इजा करतो आणि खाण्यासाठी अजिबात नाही, म्हणून त्याची पुडी स्वयंपाकघरात खाण्याच्या सोड्याशेजारी कधीही ठेवू नये. त्याचा मोठा उपयोग दुष्फेन पाण्यासाठी होतो: तो कॅल्शियमला कार्बोनेटच्या रूपात खाली बसवतो आणि मग साबणाला काम करायला मोकळे पाणी मिळते. ॲल्युमिनियमची भांडी त्यात भिजत ठेवल्यास काळवंडतात. रेशीम आणि लोकर या प्रथिनांच्या तंतूंनाही तो सोसत नाही. त्यासाठी प्रश्न १० पाहावा.

६. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र केल्यावर खूप फसफसते. हे मिश्रण उत्तम क्लीनर आहे ना?

नाही. ते फसफसणे म्हणजे आम्ल आणि अल्क एकमेकांना संपवत असल्याची खूण आहे; कार्बन डायऑक्साइड उडून गेल्यावर मागे उरते ते सोडियम ॲसिटेटचे पाणी, जे जवळजवळ काहीच करत नाही. मोरीच्या जाळीवरचा कचरा त्या बुडबुड्यांनी थोडा हलतो इतकाच फायदा. सोड्याने आधी घासून ते धुऊन टाकावे आणि नंतर नळावरच्या पांढऱ्या क्षारांसाठी व्हिनेगर वापरावे, म्हणजे दोन्ही वस्तूंचे पैसे वसूल होतात.

७. हळदीच्या डागावर साबण लावताच तो लालभडक झाला. कपडा कायमचा वाया गेला का?

अजिबात नाही, आणि घाबरून त्यावर ब्लीच ओतू नये. हळदीतील कर्क्युमिन हा रंग नैसर्गिक दर्शक आहे: आम्लात आणि उदासीन पाण्यात पिवळा, अल्कात तांबडा. साबण अल्कधर्मी असल्यामुळे डाग क्षणात लाल होतो. त्याच डागावर लिंबाचा थेंब टाकून पाहावे, तो डोळ्यांदेखत पुन्हा पिवळा होतो. हे ज्ञान आपल्याकडे फार जुने आहे. पारंपरिक कुंकू हळदीला चुन्याची जोड देऊनच लाल करतात.

डाग काढायचा तो उन्हाने. कर्क्युमिन पाण्यात फारसे विरघळत नाही, पण प्रकाशात त्याचे रेणू तुटतात. हळदीच्या समारंभानंतर पांढरा कुर्ता साबणाने चोळून, खळबळून, ओला असतानाच कडक उन्हात पसरावा. संध्याकाळपर्यंत डाग फिका पडतो आणि दोन-तीन वेळा असे केल्यावर बहुधा उरत नाही. तेलाच्या फोडणीतून पडलेला डाग जास्त चिवट असतो, कारण तेथे आधी तेल काढावे लागते. तो डाग काढण्यापूर्वी इस्त्री करू नये.

८. रक्ताचा किंवा दुधाचा डाग गरम पाण्याने लवकर निघतो का?

उलट पक्का होतो. या डागांत प्रथिने असतात आणि उष्णतेने ती अंड्याच्या बलकाभोवतालच्या पांढऱ्या भागासारखी गोठून धाग्यांना धरतात. असे डाग आधी गार पाण्यात भिजवावेत. पावडरीत विकरे (एन्झाइम) असतील तर ती प्रथिनांचे तुकडे करतात, पण त्यांना वेळ लागतो, म्हणून अर्धा-पाऊण तास भिजवणे हेच खरे काम आहे.

९. नीळ घालण्याची गरज आता उरली आहे का?

सुती पांढरे कापड वापरून पिवळसर होते. निळा रंग त्या पिवळ्याला डोळ्यांपुरता झाकतो. आजच्या बऱ्याच पावडरींत अशी द्रव्ये असतात की ती उन्हातील अदृश्य अतिनील किरणे शोषून निळसर प्रकाश बाहेर टाकतात, त्यामुळे कपडा अधिक शुभ्र दिसतो. कापड त्यामुळे जास्त स्वच्छ होत नाही. अशी पावडर वापरणाऱ्यांना निळीची वेगळी गरज नसते. धोतरे आणि सदरे वडीच्या साबणाने धुणाऱ्या घरांत ती आजही उपयोगी आहे.

१०. रिठा, शिकेकाई आणि उटणे नैसर्गिक आहेत, म्हणून ती शाम्पूपेक्षा सुरक्षित मानावीत का?

त्यांचे गुण खरे आहेत, पण त्यामागील कारण ‘नैसर्गिक’ हे नाही. रिठ्याच्या सालीत आणि शिकेकाईच्या शेंगेत सॅपोनिन नावाची द्रव्ये असतात. त्यांच्या रेणूलाही पाण्याकडे आणि तेलाकडे ओढली जाणारी अशी दोन टोके असतात, म्हणून ती फेस देतात आणि तेल काढतात. त्यांचे पाणी साबणासारखे अल्कधर्मी नसते, आणि त्यामुळेच पैठणीसारखे रेशमी वस्त्र रिठ्याच्या पाण्यात धुण्याची जुनी रीत शास्त्राला धरून आहे. पण रिठ्याचे पाणी डोळ्यांत गेल्यास जबरदस्त आग होते आणि डोळे लाल होतात. लहान मुलांना ते वापरताना मी तरी फार जपून राहण्याचा आग्रह धरेन.

नरक चतुर्दशीच्या अभ्यंगात आधी तेल आणि मग उटणे या क्रमालाही अर्थ आहे. अंगावरचा तेलकट मळ नव्या तेलात विरघळतो, आणि उटण्यातील पीठ व वनस्पतींचे चूर्ण ते जास्तीचे तेल टिपून घेते. त्वचेवर थोडे तेल राहते, ते थंडीच्या दिवसांत हवेच असते.

११. खोबरेल तेलाने केस खरोखर सुधारतात का?

तेलाने केस वाढतात असे म्हणता येणार नाही, कारण डोक्याबाहेरचा केस निर्जीव असतो. पण खोबरेलातील लॉरिक आम्लाचा रेणू लहान आणि सरळ असल्यामुळे तो केसाच्या आत शिरू शकतो. मुंबईतील संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत धुण्यापूर्वी खोबरेल लावलेल्या केसांतून प्रथिने कमी गळाल्याचे दिसले, खनिज तेल आणि सूर्यफूल तेल यांनी तसे झाले नाही. हे संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीत काम करत होते, ही गोष्टही वाचकांना माहीत असावी. निष्कर्षामागील कारण मला पटण्यासारखे वाटते.

१२. स्वयंपाकघरातील कडप्प्यावर पांढरट डाग पडले आहेत. कोणत्या क्लीनरने निघतील?

कोणत्याच नाही, कारण तो डाग नसून दगड झिजल्याची खूण आहे. कडप्पा, शहाबादी फरशी, कोटा आणि संगमरवर हे सगळे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे दगड आहेत आणि आम्ल लागताच ते विरघळू लागतात. माझ्याच घरी पिळलेल्या लिंबाची अर्धी फोड रात्रभर ओट्यावर राहिली. सकाळी तिच्या आकाराचे फिकट वर्तुळ काळ्या दगडावर उमटले होते. बोट फिरवल्यावर तेथे गुळगुळीतपणाऐवजी खरखर लागते. चिंच, ताक, व्हिनेगर आणि कोकमाचे आगळ यांनी हेच होते. उपाय पुन्हा पॉलिश करून घेणे हाच.

न्हाणीघरात हीच चूक मोठ्या प्रमाणावर होते. संडास साफ करण्याच्या द्रावणात बहुधा सुमारे १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल असते. ते चिनी मातीच्या भांड्यासाठी योग्य आहे, शहाबादी फरशीसाठी नाही. फरशीवर पडताच ते फसफसते, आणि लोकांना वाटते की मळ निघतो आहे. निघत असते ती फरशी. चकचकीत टाइल्सना आम्लाचा त्रास कमी, पण त्यांच्या सांध्यांतले सिमेंट हळूहळू खाल्ले जाते. दगडी फरशीला साधे पाणी आणि थोडा सौम्य द्रव साबण पुरतो.

१३. ब्लीच आणि संडास साफ करण्याचे ॲसिड एकत्र टाकल्यास जास्त स्वच्छ होईल का?

कधीही, कोणत्याही कारणाने एकत्र टाकू नये. सगळ्या प्रश्नांत हा सर्वांत महत्त्वाचा आहे. ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण. त्यात आम्ल मिसळले की क्लोरीन वायू सुटतो. १९१५ मध्ये बेल्जियममधील ईप्र येथे रणांगणावर सोडलेला विषारी वायू तो हाच. तो हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड असल्यामुळे खाली साचतो, आणि खिडकी नसलेल्या मोरीत वाकून घासणाऱ्या माणसाच्या नाकातोंडात थेट जातो. ग्रामपंचायतीतून पाण्याच्या टाकीसाठी मिळणारी टीसीएल पावडर, म्हणजेच ब्लीचिंग पावडर, हीदेखील त्याच जातीची आहे, तेव्हा तिच्यावरही ॲसिड पडू देऊ नये. ब्लीच आणि अमोनिया असलेले काच पुसण्याचे द्रावण एकत्र आल्यास क्लोरामाइन हे दुसरे घातक वायू तयार होतात.

काल एक टाकले आणि आज दुसरे टाकायचे असेल तर मध्ये भरपूर पाणी सोडावे. चुकून मिसळले गेले आणि तिखट वास आला, डोळे चुरचुरले, तर झटपट बाहेर यावे, दार उघडे ठेवावे आणि वास पूर्ण जाईपर्यंत आत जाऊ नये. तो वायू मारण्यासाठी आणखी काही ओतत बसू नये. खोकला थांबत नसेल किंवा छातीत दडपण वाटत असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा, कारण फुप्फुसावरचा परिणाम काही तासांनी वाढू शकतो. जी बाई आपल्या घरी कामाला येते, तिला बाटल्यांवरची इंग्रजी अक्षरे वाचता येत नसतील, तर ही गोष्ट तिला तोंडी सांगणे आणि दोन बाटल्या वेगवेगळ्या जागी ठेवणे ही घरातल्यांची जबाबदारी आहे.

१४. फिनेल पाण्यात टाकल्यावर दुधासारखे पांढरे होते. जितके पांढरे तितके कडक, हे बरोबर का?

नाही. फिनेलमध्ये तेलकट जंतुनाशक द्रव्य साबणासारख्या पदार्थाच्या साहाय्याने मिसळलेले असते. पाणी घालताच त्याचे अतिसूक्ष्म थेंब होतात आणि प्रकाश विखुरल्यामुळे पाणी पांढरे दिसते. काळ्या फिनेलमध्ये दगडी कोळशाच्या डांबरापासून मिळणारी फिनॉलवर्गीय द्रव्ये असतात. १८६५ मध्ये जोसेफ लिस्टर यांनी जखमांवर वापरलेले कार्बॉलिक आम्ल त्याच कुळातले. पांढऱ्या फिनेलमध्ये बहुधा पाइनचे तेल असते. जंतू मरायचे तर द्रावण फरशीवर काही मिनिटे ओले राहावे लागते, लगेच कोरड्या फडक्याने पुसल्यास वासच मागे राहतो. घरात मांजर असेल तर काळे फिनेल टाळावे, तिच्या शरीराला फिनॉल सहज पचवता येत नाहीत.

१५. जंतुनाशक साबण साध्या साबणापेक्षा चांगला का?

घरच्या वापरात तसा पुरावा मिळालेला नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सप्टेंबर २०१६ मध्ये ट्रायक्लोसानसह १९ द्रव्ये अशा साबणांत वापरण्यास मनाई केली, कारण साध्या साबणापेक्षा ती अधिक गुणकारी असल्याचे उत्पादकांना दाखवता आले नाही. जंतू मारण्यापेक्षा ते हातावरून वाहून जाणे महत्त्वाचे असते, ते कसे हे प्रश्न १ मध्ये आले आहे.

१६. टूथपेस्टच्या ट्यूबच्या टोकावरील हिरवी पट्टी म्हणजे नैसर्गिक आणि काळी म्हणजे रासायनिक, हे खरे का?

हा निरोप मोबाइलवर वर्षानुवर्षे फिरतो आहे आणि तो पूर्णपणे चुकीचा आहे. ट्यूब कोठे कापायची आणि कोठे मुडपायची हे यंत्राच्या डोळ्याला कळावे म्हणून ती खूण छापलेली असते. वाचायची गोष्ट दुसरीच आहे: फ्लोराइड. भारतीय नियमानुसार टूथपेस्टमध्ये ते १,००० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत एक हजार भागांपेक्षा) जास्त असता कामा नये आणि त्याचे प्रमाण ट्यूबवर छापावे लागते. फ्लोराइडने दातांचे कवच आम्लाला टक्कर देते. येथे एक महत्त्वाचा अपवाद आहे. चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांतील काही गावांत भूजलातच फ्लोराइड मर्यादेपेक्षा जास्त असते आणि मुलांच्या दातांवर तपकिरी पट्टे दिसतात. अशा ठिकाणी मुलांची पेस्ट दंतवैद्यांना विचारूनच ठरवावी. इतरत्रही तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट पुरते, ती गिळली जाणार नाही याकडे लक्ष ठेवावे.

१७. बाळाचे जपून ठेवलेले कपडे ट्रंकेत डांबरगोळ्यांबरोबर ठेवले आहेत. आता दुसऱ्या बाळासाठी ते वापरता येतील का?

जसेच्या तसे वापरू नयेत. डांबरगोळ्या बहुधा नॅप्थलीनच्या असतात. त्या वितळल्यावाचून थेट वायुरूप होतात आणि तो वायू कपड्याच्या धाग्याधाग्यांत भरतो. काही मुलांच्या रक्तात जन्मतःच ‘जी-सिक्स-पीडी’ हे विकर कमी असते, आणि अशा अर्भकाच्या शरीरात नॅप्थलीन गेल्यास तांबड्या पेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते. ही कमतरता बाळाच्या चेहऱ्यावरून कळत नाही. झबली, टोपडी आणि दुपटी साबणाच्या पाण्यात धुऊन, वास पूर्ण जाईपर्यंत अनेक दिवस कडक उन्हात आणि वाऱ्यावर टाकावीत. उन्हानंतरही वास येत असलेले दुपटे बाळाच्या अंगाखाली घालू नये.

पुढच्या वेळी सुती कपड्यांसाठी या गोळ्यांची गरजच नाही, कारण कपडे खाणाऱ्या अळ्यांचे मुख्य खाद्य लोकर आणि रेशीम असते. धुतलेले, पूर्ण वाळलेले, खळ नसलेले सुती कपडे घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवले तरी पुरते. कापराच्या वड्या हा निर्धोक पर्याय समजू नये. लहान मुलाने त्या गिळल्यास झटके येऊ शकतात. ट्रंकेच्या तळाशी राहिलेल्या पांढऱ्या गोळ्या रांगत्या मुलाला खडीसाखरेसारख्या दिसतात, म्हणून कपडे बाहेर काढताना त्या मोजून काढाव्यात.